कोसमडोहचे पाणी

आमच्या घरामागच्या बोडीत दर वर्षी साधारण चार मिलिमीटर गाळ साचतो. बोडी म्हणजे आमच्या भागातले लहान तळे; आमची तर चार खाटा मावतील एवढीच. त्या मापाने माझे आजवरचे सत्तावीस वर्षांचे आयुष्य अर्ध्या वितीएवढेही भरत नाही. हे प्रथम ध्यानात आले तेव्हा मला एक प्रकारचा दिलासा वाटला होता. इतक्या पातळ गोष्टीविषयी फार बोलण्याची आवश्यकता नसते.

माझा व्यवसाय गाळ वाचण्याचा आहे. नागपूरच्या ज्या केंद्रात मी काम करतो, तेथे तळ्यांच्या तळातून पारदर्शक नळीने गाळाचा उभा गाभा काढला जातो. पावसाळ्यात वाहून आलेल्या मातीची फिकट पट्टी आणि उन्हाळ्यात कुजलेल्या पानांची काळी पट्टी, अशा दोन पट्ट्यांचे एक वर्ष. मासा पाण्यात नुसता पोहत नाही. तो खवले, चिकटा, विष्ठा यांच्या रूपाने सतत स्वतःला थोडे थोडे सांडत असतो. त्यातला अगदी सूक्ष्म अंश, ज्यावर त्या जातीची ओळख कोरलेली असते, चिकणमातीच्या कणांना धरून राहतो. आमचे यंत्र एकेक थर खरवडून सांगते की अमुक वर्षी या पाण्यात कोण होते. बिया आणि जलकीटकांची अंडी तर त्याहून चिवट. चाळीस वर्षे दबलेला गाळ उथळ तबकात पसरून ऊन आणि पाणी दिले, तर त्यातले काही जण उठून बसतात, जणू मध्ये काही घडलेच नाही.

या यंत्रामुळेच मूळपाणी कायदा शक्य झाला. शोभेसाठी आणलेल्या परदेशी माशांनी आणि वेलींनी एका दशकात निम्मी तळी गिळल्यावर सरकारने ठरवले की कोणत्याही पाण्यात, मग ते परसातले का असेना, नवी वनस्पती वा नवा मासा सोडायचा असेल तर तो त्याच पाण्याच्या गाळात पूर्वी नोंदलेला असला पाहिजे. गाळ साक्षीदार. त्याची साक्ष घेणारा मी.

माझी आई, फुलवंता, हिला आमच्या बोडीत काजळी हवी होती.

काजळी हा बोटभर लांबीचा मासा. अंग रुपेरी, शेपटीच्या बुडाशी काजळाचा ठिपका. तो फक्त आईच्या माहेरच्या, कोसमडोहच्या तलावात होत असे. कोसमडोह २०२९च्या पावसाळ्यात मोठ्या धरणाखाली गेले. त्याआधी आमच्या केंद्राने तलावाचा एक गाभा काढून ठेवला आणि थोड्या काजळ्या टाकीत वाढवल्या. वाढलेल्या काजळ्या, ज्या तळ्याच्या गाळात त्यांचा पुरावा सापडेल, त्याच तळ्याला मिळणार होत्या. सोळा वर्षे असे एकही तळे सापडले नाही. या उन्हाळ्यानंतर त्या परराज्यातल्या एका मत्स्यालयाकडे जायच्या होत्या, काचेमागे.

“माहेर तं बुडालं,” आई म्हणाली होती. “त्याचं एखादं लेकरू तरी माह्या सांदवाडीतल्या बोडीत खेळू दे. तुह्या हापिसात हायेत ना ते? मंग का अडचन हाय?”

अडचण आईलाच ठाऊक होती, कारण दर वर्षी एकदा तरी ती मला तिने सांगितली होती. कोसमडोहची मुलगी सासरी जाताना आपल्या तलावाचे पाणी गडव्यात भरून, तोंडाला फडके बांधून नेत असे आणि सासरच्या पाण्यात ओतत असे. त्याला पाणी भेटवणे म्हणत. २०१२ साली आईने तसा गडवा आणला. परंतु त्या उन्हाळ्यात आमच्या बोडीतले मासे अंगावर लाल फोड येऊन मेले होते. माझ्या आजीने गावाच्या शिवेवरच वरात थांबवली आणि सांगितले, “आमच्या बोडीले परकं पानी नोको.” आईने तो गडवा रस्त्याकडेच्या बाभळीच्या बुडाशी रिकामा केला.

“अन् तुहे बाबा,” ही गोष्ट नेहमी याच वाक्यावर संपे, “बाशिंग बांधून बाजूले उभे. एक शब्द नाही बोलले.”

बाबा मुळात कमीच बोलत. आठ वर्षांपूर्वी ते वारले, तेव्हा मला जाणवले की त्यांचा आवाज आठवण्यासाठी मला प्रयत्न करावा लागतो. लग्नानंतरही ते दर उन्हाळ्यात कोसमडोहच्या सामायिक मासेमारीला जात. मी सात वर्षांचा असताना एकदा मला सोबत नेले होते. परतीच्या वाटेवर मला तहान लागली. मोटरसायकलच्या हँडलला निळी प्लास्टिकची बाटली लटकत होती, काठोकाठ भरलेली. मी हात घातला. “ते पानी पियाचं नाही,” बाबा म्हणाले. माझ्याकडे न पाहता, हळू. परंतु त्या स्वराला दार नव्हते. सहा किलोमीटरवरच्या हापशापर्यंत मी कोरड्या घशाने बसून राहिलो. कोणी मला विचारले असते की तुझे वडील कसे होते, तर मी बहुधा हीच आठवण सांगितली असती. कोणी विचारले नाही.

जानेवारीत मी आमच्या बोडीचा गाभा काढून केंद्रात नेला. लग्नाच्या वर्षाचा थर साडेतेरा सेंटिमीटर खोल होता. तो रिकामा असणार हे मला ठाऊक होते; ज्या पाण्याने बाभूळ भिजली ते बोडीत सापडणार नव्हते. शीतकक्षात दुपारी दीड ते दोन या वेळात कोणी नसते. मी फळीवरून कोसमडोहचा गाभा उतरवला, त्यातून मोहरीएवढा गाळ पोकळ सुईच्या टोकात घेतला आणि ती सुई आमच्या गाभ्यात वरून सरळ खाली, साडेतेरा सेंटिमीटरपर्यंत नेली. दट्ट्या दाबला. सुई काढली. मी आईला विचारले नव्हते, तिला सांगणारही नव्हतो. तिला कधीच न कळता तिचा गडवा चौतीस वर्षे उशिरा बोडीत रिता व्हावा, एवढाच माझा विचार होता. आणि तो मला त्या वेळी सुंदर वाटला.

अर्जासाठी केवळ मागितलेला थर तपासतात. त्यात काजळी आढळली. तात्पुरता परवाना मिळाला. संपूर्ण गाभ्याचे सविस्तर वाचन, अर्ज फेटाळला गेला तरी, नंतर चार महिन्यांनी व्हायचे होते. परंतु ते एक औपचारिक काम समजले जाई.

फेब्रुवारीत बोडी उपसली. पद्धतीप्रमाणे सगळा गाळ फावड्याने काढून अंगणभर मांडलेल्या तबकांत पसरला, त्यावर बोटभर पाणी ठेवले. वर्षांची उतरंड मोडून एकच राखाडी चिखल झाला. आता थर त्या केंद्रातल्या नळीखेरीज कोठेही उरले नव्हते.

पंधरा दिवसांत तबके हिरवी झाली. प्रथम धाग्यांसारखे शेवाळ, मग पाण्याखालची बारीक पानांची गवते आणि एका तबकात वाटीएवढ्या गोल पानांची कुमुदिनी. तिला पांढरी, झालरीच्या कडांची फुले आली. आई त्या तबकापाशी उकिडवी बसली.

“हे आमच्या बोडीत कधी नोतं,” ती म्हणाली. “हे कोसमडोहचं हाय.”

“सगळ्या जिल्ह्यात होते ही, माय.”

“होत असन. पन मी वळखतो.”

मी वाद घातला नाही. माणसाला जे हवे असते ते तो पानातही वाचतो, असे मी मनात म्हटले. माझे वाचन यंत्राचे होते.

मार्चच्या शेवटी मासे आले. बोडीत विहिरीचे पाणी भरून महिना झाला होता, झाडे तळाशी रुजली होती. पिशव्या न उघडता मी तशाच पाण्यावर तरंगत ठेवल्या. आतले आणि बाहेरचे तापमान हळूहळू एक व्हावे लागते. मग दर दहा मिनिटांनी बोडीचे वाटीभर पाणी पिशवीत घालायचे, की माशाच्या अंगाला नव्या पाण्याची सवय होते. घाई केली तर तो धक्क्यानेच मरतो.

“किती वेळ बावा,” आई काठावरून म्हणाली. “पाहुना घरी आला अन् त्याले वट्यावरच बसवून ठेवलं.”

“अर्धा तास.”

“तुह्या आजीनं मले याच्यापेक्षा लवकर घरात घेतलं होतं.”

मी पिशवी तिरकी केली. काजळ्या एकेक करून बाहेर पडल्या, क्षणभर थांबल्या, आणि मग सगळ्या एकदम कुमुदिनीच्या पानांखाली गेल्या. पाण्यात नुसते काळे ठिपके हलताना दिसत होते. आईने कपाळावरचा पदर दोनदा सारखा केला. पुढचा महिनाभर ती रोज सकाळी चहाचा कप घेऊन तेथे बसे, आणि माझा फोन आला की आधी माशांची ख्यालीखुशाली सांगे, मग माझी विचारी.

मेच्या पहिल्या आठवड्यात डॉ. मुंडले मॅडमनी मला आपल्या खोलीत बोलावले. आमच्या केंद्राच्या त्या प्रमुख. बोलताना बडीशेपेची डबी फिरवीत राहण्याची त्यांना सवय आहे. त्या दिवशी डबी बंद होती.

“तुझ्या आईच्या लग्नाच्या थरात काजळी आहे,” त्या म्हणाल्या. “आणि तिच्याबरोबर कोसमडोहचा गाळही आहे. ओंजळभर पाण्यातून एवढा गाळ येत नाही, निलय.”

मी पडद्याकडे पाहत राहिलो.

“सुई?”

“हो.”

“वरून घातलीस?”

“वरून.”

“कोणाला विचारलं होतंस?”

“नाही.”

त्यांनी मान हलवली, जणू माझे उत्तर नव्हे, माझी जात ओळखली होती. मग त्यांनी पडद्यावरचा आलेख वर सरकवला. “आता हे बघ.”

खोट्या थराच्या वर बारीक रेषा होत्या. इतक्या बारीक की केवळ अर्जाचा थर पाहणाऱ्याला त्या दिसल्याच नसत्या. मी मोजल्या. सतरा. २०१३ ते २०२९, दर वर्षी एक. प्रत्येक रेषा उन्हाळ्याच्या काळ्या पट्टीच्या शेवटी. त्यानंतर एकही नाही.

“सुईनं ओढलं असेल,” मी म्हणालो. माझा आवाज मला दुरून ऐकू आला.

“सुई वरून खाली गेली. मग तीसपासून पंचेचाळीसपर्यंतच्या थरांतही ओढलं गेलं असतं. ते कोरे आहेत. आणि सुईला उन्हाळा कळत नाही.” त्यांनी रेषांवर बोट ठेवले. “कोणीतरी सतरा वर्षं तुमच्या बोडीत कोसमडोहचं पाणी ओतत होतं. थोडंसं. लोटाभर फार तर.”

“मग परवाना...”

“मला काय वाटतं ते मी लिहू शकत नाही. बाहेरची वस्तू शिरलेला गाभा पुरावा धरत नाहीत. दुसरा गाभा काढता आला असता, पण गाळ तुम्ही कालवून टाकलात.” त्यांनी डबी उचलली आणि पुन्हा ठेवली. “तू काही केलं नसतंस, तर मी दोन हजार बाराचा अर्ज फेटाळला असता आणि तेराचा मंजूर केला असता. मासे परत न्यावे लागतील. गुरुवारी मी स्वतः येते.”

मी राजीनामा देऊ केला. त्यांनी मला वाचनातून काढून नळ्या धुण्याच्या विभागात पाठवले. ते योग्यच होते.

त्याच दिवशी दुपारच्या बसने मी घरी गेलो. आई बोडीच्या काठावर मटकीला मोड आले का ते पाहत बसली होती. मी आधी माझे सांगितले, कारण ते सांगणे सोपे होते.

“मंजे तू खोटं पानी घातलं,” ती म्हणाली.

“हो.”

“माह्या नावानं.”

“हो.”

ती मटकी निवडत राहिली. मग मी सतरा रेषांविषयी सांगितले. वर्षे सांगितली, महिना सांगितला. तिचे हात थांबले. मी सवयीने दुसरी शक्यताही मांडली; आमच्या कामात ती मांडावी लागते. “बाबा तिथे मासेमारीला जात. परत येऊन जाळे बोडीत धुतले असेल. त्यातूनही...”

आई हसली. लहानसे, नाकातून. “ढिवराचा लेक होऊन का बोलतं रे? एका पान्याचं ओलं जाळं दुसऱ्या पान्यात घालतेत का कोनी? रोग लागते. तुहे बाबा तिथंच वाळवत. जाळं वाळाले म्हनून दोन दिवस जास्त राहत. मी भांडो त्याच्यावरून.”

“मग कशातून आले असेल?”

आम्ही दोघेही पाण्याकडे पाहत होतो. एक काजळी वर येऊन तोंड उघडून परत गेली.

“निळी बाटली,” मी म्हणालो.

आई माझ्याकडे वळली.

मी तिला मोटरसायकल सांगितली, तहान सांगितली, सहा किलोमीटर सांगितले. वीस वर्षांत प्रथमच ते मी कोणाला सांगत होतो.

“घरात शिराच्या आंधी बोडीवर जात,” ती सावकाश म्हणाली. “दर खेपेले. मी म्हनो, पाय धुतेत.” आणि थोड्या वेळाने, “सतरा खेपा?”

“सतरा.”

“तुही आजी जित्ती होती तोवर चोरून घातलं असन. समजते. पन ते तं पंधरा सालीच गेली. त्याच्यानंतर कोनाचा भेव होता?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ होते, परंतु ते माझ्याविषयीचे झाले असते. आईने माझ्याकडे बराच वेळ पाहिले.

“तुमी बाप-लेक एकाच मातीचे,” ती म्हणाली. “जीव देसान, पन तोंड नाही उघडसान. त्याईनं न सांगता खरं घातलं. तू न सांगता...” तिने वाक्य पुरे केले नाही. मटकीचे भांडे उचलून ती घरात गेली. त्या रात्री तिने मला वाढले, पण स्वतः जेवली नाही.

गुरुवारी मुंडले मॅडम आल्या. ऊन असे की अंगणातली तबके हाताला पोळत होती. गाडीचा चालक, टोपराम नावाचा गोरेगावकडचा माणूस, हातजाळे घेऊन बोडीत उतरला आणि तासाभराने रिकाम्या हाताने वर आला.

“लई चपळ हाये हो, म्याडम.”

“तुमी बाहेर राहा,” आई म्हणाली. तिने लुगड्याचा काष्टा घट्ट केला, बाबांचे जुने जाळे खुंटीवरून काढले, आणि गुडघाभर पाण्यात शिरली. ती मासे पकडत नव्हती. ती त्यांना कुमुदिनीच्या पानांखालून नुसती बोलावत असल्यासारखी जाळे सरकवत होती. सगळ्या काजळ्या तिनेच पिशव्यांत घातल्या, पाण्याची पातळी तिनेच पाहिली. एकही खवला निखळला नाही.

“झाडं?” तिने विचारले.

“झाडं राहू देत,” मुंडले मॅडम म्हणाल्या. “कुमुदिनी सगळीकडे होते. तिला पुरावा लागत नाही.”

आई घरात गेली. माळ्यावर काहीतरी ओढल्याचा, पडल्याचा आवाज झाला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात निळी बाटली होती. प्लास्टिक उन्हाने पांढुरके पडलेले, झाकणाला चीर. तिने ती माझ्यासमोर दोनदा विसळली, बोडीच्या मध्यावर वाकून काठोकाठ भरली, झाकणावर पदराची चिंधी फाडून बांधली, आणि मुंडले मॅडमपुढे धरली.

“हे यायच्यासंग द्या.”

“ताई, हे मला टाकीत घालता येणार नाही. बाहेरचं पाणी...”

“टाकीत नोका घालू. आज ना उद्या यायले कुठंतरी सोडसान ना? काचेत का असंना. तिथं आंधी हे घालजा, मंग यायले. आमच्यात पोरीले रिकाम्या हातानं धाडत नाही.”

कायद्याचा मसुदा करणाऱ्या समितीत मुंडले मॅडम होत्या. त्यांना कलमे पाठ आहेत. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी साक्षीला उपयोगाचा राहिलो नव्हतो, म्हणून खाली पाहिले. मग बाटली आईच्या हातातून गेल्याचे मला केवळ सावलीवरून कळले.

पिशव्या मागच्या बाजूला नीट लावल्या गेल्या. आई पुढे आली नाही. ती काठावरच उभी राहून ओले जाळे पिळत होती. मी गाडीपर्यंत गेलो. टोपराम घामाने निथळत आत बसला, त्याने इंजिन सुरू केले, आणि दोन आसनांच्या मध्ये ठेवलेली बाटली सहज उचलून तिची चिंधी सोडू लागला.

“ते पाणी प्यायचं नाही,” मुंडले मॅडम म्हणाल्या.

त्याच्याकडे न पाहता, हळू. तो स्वर मी वीस वर्षांपूर्वी एकदा ऐकला होता. टोपरामने बाटली होती तेथे ठेवली. मॅडमनी चिंधी पुन्हा बांधली, बाटली उचलून मांडीवर घेतली, आणि गाडी बाभळीजवळून वळून दिसेनाशी होईपर्यंत तिच्यावरचा हात काढला नाही.